वरचे सहा लाख

ऑक्टोबर 2025 मध्ये स्कोडाने ऑक्टेव्हिया आरएस पुन्हा भारतात आणली. सबंध देशासाठी मिळून 100 गाड्या. 6 तारखेला नोंदणी उघडली, 17 तारखेला 49 लाख 99 हजार ही शोरूमची किंमत जाहीर झाली, आणि तोवर विकायला एकही गाडी शिल्लक राहिली नव्हती. किंमत कळायच्या आतच लोकांनी अडीच-अडीच लाख भरून नावं लावून टाकली होती. त्या शंभरांत माझं नाव नव्हतं.

दिवाळी सरली आणि पुण्याहून एक फोन आला. ओळखीतून ओळख निघत माझा नंबर त्याच्यापर्यंत पोचला होता. "शेठ, हिरवी आहे. बुकिंग आपल्याच पोराच्या नावावर. कंपनीचे पैसे कंपनीला जातील, वरचे सहा आपल्याला द्यायचे. दोन महिन्यांनी गाडी तुमच्या नावावर."

वरचे सहा म्हणजे सहा लाख. रोख.

विचार करून सांगतो म्हणालो. त्या दिवसापासून हा विचार माझी पाठ सोडेना. मशीनपाशी उभं राहिलं तरी तोच, जेवताना तोच, रात्री शेडचं शटर खाली ओढतानाही तोच. हे लिहायला घेतलं, कारण आमच्या नागापुरात असा हिशेब करत जागणारा मी एकटा नाही. कुणाच्या डोळ्यांसमोर थार आहे, कुणाच्या जुनी आरएक्स हंड्रेड. मनात बसलेली गाडी समोर येते, तिच्या किमतीवर कुणीतरी आणखी काही मागतो, आणि माणूस अडतो.

नगर शहराच्या उत्तरेला, मनमाड रस्त्याला लागून, सीना नदीच्या काठी नागापूर आहे. एकेकाळचं हे गाव आता एमआयडीसी हा शब्द जोडल्याशिवाय कुणी उच्चारत नाही. हिवाळ्यात पहाटे सीनेच्या अंगाने धुकं वर चढतं आणि कारखान्यांच्या भिंतींना टेकून राहतं. पहिल्या पाळीची माणसं त्यातून मोटरसायकलींवर येतात, हँडलला डबा, मफलरमध्ये तोंड. रात्रपाळीची माणसं त्याच फाटकातून बाहेर पडतात आणि टपरीवर दोघांची गाठ पडते. चहाच्या वाफेत कूलंटचा वास मिसळलेला असतो. हा वास कपड्यांतून जात नाही. मला तो आवडतो. त्या वासावर आमच्या घरातल्या दोन पिढ्या जेवल्या आहेत.

2004 साली मी आयटीआयचा टर्नर ट्रेड संपवून इथल्याच एका लहान शेडमध्ये लेथवर उभा राहिलो. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना 2001 पासून सुरू होता, नगरहून दोन-अडीच तासांवर. आणि त्याच 2004 मध्ये ऑक्टेव्हियाची आरएस बाजारात आली: 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन, त्याला टर्बो, 150 अश्वशक्ती. भारतात विकली गेलेली पहिली टर्बो पेट्रोल मोटार म्हणून तिचं नाव घेतात. तसली एक गाडी मी नागापूरच्या पुलाजवळ पाहिली. पाहिली त्याहून जास्त ऐकली. उसाच्या ट्रॉल्यांमागे ती अडकली होती. वाट मोकळी झाली तशी पुढे निघाली, आणि इंजिनाच्या आवाजावर एक बारीक शीळ चढत चढत विळदच्या घाटाकडे निघून गेली.

ती शीळ कशाची, हे मला त्या वयातही माहीत होतं. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एरवी वायाच जातो. टर्बोमध्ये तो एका छोट्या चक्राला फिरवतो, मिनिटाला लाखाहून जास्त फेरे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. एका बाजूला धातू लाल होईल एवढी उष्णता, दुसऱ्या बाजूला साधी हवा, आणि मधला दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. आमच्या त्या जुन्या लेथचा स्पिंडल हजार-बाराशे फेऱ्यांवरच थरथरायचा. 20 मायक्रॉनच्या आत माप धरायचं तर मला घाम फुटायचा. आणि इथे कुणीतरी लाख फेऱ्यांवर टिकणारा दांडा बनवला होता, नुसता एक बनवून थांबला नव्हता, रोज हजारोंनी बनवत होता. तो कुणी बनवला असेल? त्याच्याही हाताला कूलंटचा वास येत असेल? गाडी दिसेनाशी झाली तरी मी तिथेच उभा होतो. लोक अशा गाड्यांकडे वेगासाठी बघतात, रुबाबासाठी बघतात. मी तिच्याकडे तेव्हा हातांसाठी बघितलं, आणि आजही तसाच बघतो.

पुढे स्वतःचा गाळा झाला, एक सीएनसी आली, मग आणखी आल्या. आरएसही येत राहिली. 2017 साली 230 अश्वशक्तीची आली, 24 लाख 62 हजारांना. 2020 मध्ये 245 अश्वशक्तीच्या 200 गाड्या आल्या, 35 लाख 99 हजारांना. दोन्ही वेळा माझ्याकडचे पैसे मशीनच्या हप्त्यांत होते. 2025 मध्ये 265 अश्वशक्तीची आली, ताशी शंभरापर्यंत पोचायला 6.4 सेकंद, आणि या वेळी हप्ते फिटले होते.

म्हणून तर तो फोन एवढा लागला.

ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांना हे सांगायला हवं. आम्ही व्हेंडर माणसं. मोठ्या कंपनीला एक बुश बनवून द्यायचा. पोलाद महागलं, वीज महागली, म्हणून नगामागे 40 पैसे वाढवून मागायला गेलं, की खरेदी विभागातले साहेब कॉस्टिंगची शीट उघडून समोर ठेवतात. कच्चा माल किती ग्रॅम, सायकल टाइम किती सेकंद, इन्सर्ट किती नगांनंतर बदलतो, चिप्स विकून किती परत येतात, मशीनच्या तासाचा दर कसा काढला. प्रत्येक पैशामागे काहीतरी केलेलं दाखवावं लागतं. दोन तास बसून 25 पैसे मिळाले तरी परतताना वाटेत पेढे घ्यावेसे वाटतात. मला या शीटचा राग नाही. उलट तिने मला शिकवलं, की वस्तूची किंमत म्हणजे तिच्यात गेलेल्या गोष्टींची बेरीज. त्या बेरजेत नफाही असतो, आणि तो उघड लिहिलेला असतो.

नगामागे एक रुपया सुटतो असं धरलं, तर सहा लाख म्हणजे सहा लाख बुश. ते सगळे माझ्या मशीनवरून, माझ्या पोरांच्या हातांखालून, गेजमधून एकेक तपासून गेलेले. आणि पुण्याचा तो मुलगा मोबाइलवर एका सकाळी वेळेत बोट लावू शकला, एवढ्यासाठी ते मी त्याला द्यायचे होते.

हे मनाशी म्हणालो आणि लगेच आण्णा आठवले.

माझे वडील नागापुरातल्याच एका कारखान्यात कामाला होते. त्यांनी बजाजच्या स्कूटरसाठी नाव लावलं तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना तो खरा वाटणार नाही. कारखान्यांनी किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर ठरायचं, स्कूटर कुणाला कशी विकायची यासाठी 1960 पासून सरकारचा आदेशच होता, आणि बजाजसाठी दहा-दहा वर्षं वाट बघणारी माणसं घरोघरी होती. पोरीच्या जन्मानंतर नाव लावलं तर ती शाळेत पाचवीला जाईपर्यंत स्कूटर यायची. साहजिकच बाजारात दोन किमती असत, एक कारखान्याची आणि एक हातात आलेल्या गाडीची. मधल्या फरकाला सगळे सरळ 'ऑन' म्हणत. लग्नाच्या याद्यांमध्येही स्कूटर 'ऑनसकट' धरलेली असायची.

आण्णांचा नंबर लागला तो आत्याच्या लग्नाच्या वर्षी. नंबर आला त्याच आठवड्यात आडते बाजारातला एक व्यापारी घरी येऊन बसला. आण्णांनी स्कूटर सोडवली, शोरूमपासून घरापर्यंत चालवली, आई सांगते की त्या संध्याकाळी तिला मागे बसवून सिद्धटेकपर्यंत जाऊ म्हणत होते. दुसऱ्या दिवशी ती गाडी व्यापाऱ्याच्या दारात गेली. कागदोपत्री पुढे बराच काळ ती आण्णांच्याच नावावर होती. आलेल्या ऑनमधून आत्याच्या लग्नातला मांडव आणि जेवणावळ उठली. आण्णा नंतर सायकलीवरच कामाला गेले, आणि फार वर्षांनी एक वापरलेली लुना घेतली.

म्हणजे ऑनचे पैसे आमच्या घरातही आले आहेत. घेणारा प्रत्येक जण लुटारू असतो असं मी म्हणू शकत नाही. आण्णा रांगेत उभे राहिले ते चालवण्यासाठी. त्यांनी गाडी विकली तेव्हा स्वतःच्या मनातली एक वस्तू काढून दिली, आणि ती गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर मी लहानपणी पाहिलेलं आहे. रस्त्याने बजाजची चेतक गेली की ते बोलता बोलता थांबायचे. पुण्याच्या मुलाला गाडी नकोच होती. त्याने नाव लावलं ते विकण्यासाठी. दोघांनी एकच गोष्ट केली असं कुणी म्हणालं, तर मी ते मान्य करणार नाही.

नगरला गाड्या नव्या नाहीत. हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिकने 1972 मध्ये लुना आणली, आणि दौंड रस्त्यावरच्या त्या कारखान्याने इथल्या कितीतरी घरांना पहिली पेट्रोलची गाडी दिली. वाहननगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. तिथल्या चाचणी मार्गावर लष्कराची वाहनं घासून-तपासून घेतात, आणि देशात विकायच्या गाड्यांना मंजुरी देणाऱ्या ज्या मोजक्या संस्था मोटार वाहन नियमांत नोंदलेल्या आहेत, त्यांत तिचं नाव आहे. परदेशी बनावटीच्या गाड्यांना मात्र 2018 पासून एक सवलत आहे: एका कंपनीने वर्षाला 2500 पर्यंत पूर्ण तयार गाड्या आणल्या, तर इथल्या चाचण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. या सवलतीमुळेच अशा दुर्मीळ गाड्या थोड्या संख्येने का होईना इथे पोचतात. संख्या थोडी म्हणून रांग, आणि रांग म्हणून ऑन. परवाना राज संपून तीस-पस्तीस वर्षं झाली, पण टंचाई जिथे शिल्लक आहे तिथे तिची जुनी सावलीही आहे.

घरी मी हा विषय काढला तो एका रविवारी. आमच्या शेडचा सगळा हिशेब बायको बघते. जीएसटीचं विवरण, पगार, बँक, सगळं. तिला गाडीचं वावडं नाही. 2004 ची शीळ तिने माझ्याकडून इतक्यांदा ऐकली आहे की तिला ती पाठ आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, ते सहा मी कुठल्या खात्यात टाकू?"

मी गप्प बसलो.

"गाडीची किंमत गाडीच्या खात्यात. रस्ता-कर आहे, विमा आहे, त्यांच्या पावत्या येतील. या सहांची पावती कोण देणार?"

ती रागावून बोलत नव्हती. तिला खरंच खातं हवं होतं. त्या प्रश्नाने माझा विचार एका वेगळ्याच वाटेला लागला. आजवर मी 'किती' यावर अडलो होतो. आता माझ्या डोळ्यांसमोर एकेक जादा पैसा येऊ लागला, गाड्यांवर माणसांनी दिलेला, आणि प्रत्येकाच्या पाठी तो कुठे गेला हे मी पाहू लागलो.

पहिल्यांदा आठवली ती सचिनची फेरारी. एप्रिल 2002 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिन तेंडुलकरने 29 वं कसोटी शतक काढून ब्रॅडमनशी बरोबरी केली. त्या निमित्ताने फियाटने त्याला लाल फेरारी 360 मोडेना दिली, आणि त्या उन्हाळ्यात सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हातून ती त्याला मिळाली. मी तेव्हा आयटीआयमध्ये होतो. वर्गातल्या भिंतीवर तो फोटो चिकटवला होता. मग बातमी आली की गाडी भारतात आणायची तर 120 टक्के आयात शुल्क भरावं लागेल, 1 कोटी 13 लाख रुपये. बक्षीस मिळालेली गाडी आणि तिच्यावर तिच्या किमतीपेक्षा जास्त कर! सरकारने शुल्क माफ करायचं ठरवलं. आमच्या वर्गात आनंद झाला. पण देशात सगळीकडे तसा झाला नाही. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. लोक विचारत होते, की सचिन कितीही मोठा असला तरी कायदा एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा कसा? शेवटी ते शुल्क फियाटने भरलं. 2011 मध्ये सचिनने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली.

तेव्हा मला याचिका करणाऱ्यांचा राग आला होता. आज मला ते लोक बरोबर वाटतात. तो 1 कोटी 13 लाखांचा भार जड होता, अवाजवीही म्हणता येईल, पण तो खजिन्यात गेला. त्याची नोंद आहे. त्यावर भांडता आलं, न्यायालयात जाता आलं.

मग आठवला थारचा लिलाव. 2020 मध्ये नाशिकच्या कारखान्यातून नवी थार बाहेर पडायची होती. महिंद्राने पहिल्या क्रमांकाच्या गाडीचा ऑनलाइन लिलाव केला. 2 ऑक्टोबरला बाजारात आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत 10 लाखांच्या आत होती. पहिली गाडी गेली 1 कोटी 11 लाखांना. लिलावातली ही रक्कम कोविडच्या मदतकार्यासाठी होती आणि कंपनीने तेवढीच रक्कम स्वतःची घातली. घेणाऱ्याने जे जादा दिलं ते कुठे पोचलं, हे साऱ्या देशाला कळलं.

आमच्याकडे आकड्यांचीही हौस आहे. एमएच 16 च्या मालिकेत एकच आकडा किंवा चार सारखे आकडे हवेत म्हणून माणसं आरटीओत पैसे भरतात. 2024 मध्ये राज्याने हे दर वाढवले. बहुतेक जिल्ह्यांत चारचाकीच्या 0001 साठी आता 5 लाख लागतात. मला ती हौस नाही, पण भरणाऱ्याला मी नावंही ठेवत नाही. पैसे सरकारजमा होतात, हातात पावती येते.

पावतीवरून एक गोष्ट आठवते आणि ती लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शने दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. चालवणारा अल्पवयीन होता. कोटीच्या वर किंमत असलेल्या त्या गाडीला नंबर प्लेट नव्हती. परिवहन खात्याने सांगितलं की नोंदणीचे 1758 रुपये भरायचे राहिले होते. तो आकडा वाचला तेव्हा मी मशीन बंद करून बसलो होतो. हजार-दोन हजारांची नड असणारं ते घर नव्हतं. दोन घरांतली कमावती मुलं गेली आणि त्या गाडीपाशी नोंदणीची साधी पावतीही नव्हती. महाग गाडी बाळगणाऱ्याने समाजाशी जे थोडेसे धागे बांधून घ्यायचे असतात, नंबर, परवाना, कर, विमा, ते धागे कागदाचेच असतात, आणि ते तोडून चालणारी गाडी मला कधीही नको आहे.

आता सहा लाखांकडे परत येतो. शोरूमच्या 49 लाख 99 हजारांतच आयात शुल्क आलं. पूर्ण तयार येणाऱ्या गाडीवर ते किमतीप्रमाणे 70 ते 110 टक्के असतं. परदेशी बनावटीची गाडी, म्हणून महाराष्ट्रात रस्ता-कर 20 टक्के, म्हणजे दहा लाखांच्या आसपास. त्यावर विमा. साठ लाखांच्या पुढे जाऊनही यातला एकेक रुपया कशाचा ते मी सांगू शकतो. काही चेक प्रजासत्ताकातल्या कामगाराच्या हाताला गेला, काही जहाजाला, बराचसा सरकारला. तो मला जड वाटतो पण खुपत नाही. सहा लाख खुपतात. त्यांच्यापोटी गाडीत एक स्क्रूही जास्त लागत नाही.

तरीही मोह होता. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण मोह नसता तर विचार कशाचा केला असता. रात्री शेड बंद झाल्यावर मी कल्पनेत ती हिरवी गाडी बाहेर काढत होतो. विळदचा घाट, मग देहरे, राहुरी, दोन्हीकडे उसाचे मळे, गुऱ्हाळाचा गोड धूर. पण मनात रस्ता उलगडू लागला की खड्डेही उलगडत. नगर-मनमाड रस्ता या जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, पाठीमागे दिवा नाही, अंगाला रिफ्लेक्टर नाही. 19 इंची चाकं, त्यांवर बोटभर रबर, आणि पोट जमिनीला टेकलेलं. मोकळा रस्ता हवा तर शिर्डीपर्यंत जाऊन समृद्धी महामार्ग गाठावा लागतो. तिथेही मोटारीला ताशी 120 ची मर्यादा आहे, आणि ती असायलाच हवी. 250 चा वेग ज्या गाडीच्या अंगात आहे तिला मी 120 वर चालवणार, हे मला मान्य होतं. वेगासाठी मला ती कधीच नको होती. मला तिचं झाकण उघडून तिच्यासमोर उभं राहायचं होतं.

आणि एक भीती होती: आता सोडली तर पुन्हा कधी? माणूस ऑन देतो तो बहुतेक वेळा याच भीतीपोटी. वय चाळिशी ओलांडतं, पेट्रोलच्या गाड्यांचे दिवस सरत आलेत असं रोज कानावर पडतं, पुढची आरएस विजेवर येईल की येणारच नाही, ठाऊक नाही. विकणाऱ्याला ही भीती बरोबर माहीत असते. "शेठ, परत मिळायची नाही," हे वाक्य त्याने प्रत्येक फोनवर म्हटलं. मला वाटतं, त्याच्याकडे विकायला खरं तर तेवढंच होतं.

मी त्याला नाही म्हणालो. त्याने पाच केले, मग साडेचार. मी नाहीच म्हणालो. साडेचार झाले तरी ते त्याच खात्यात जाणार होते जे आमच्या वहीत नाही.

पुढे जानेवारी 2026 मध्ये भारत आणि युरोपीय संघाच्या व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. युरोपातून येणाऱ्या ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. यामुळे माझं नाही म्हणणं शहाणपणाचं ठरलं, असं काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. करार झाला नसता, ती गाडी पुन्हा कधीच आली नसती, तरी मी तेच उत्तर दिलं असतं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. त्या कराराच्या आधीच, डिसेंबरात, पुण्यातल्या एका निवृत्त डॉक्टरांची 2018 सालची आरएस विकायला निघाल्याचं कळलं, 230 अश्वशक्तीची, शेंद्र्यात जोडलेली. मी आणि बायको बघायला गेलो. डॉक्टर काकांनी गाडीआधी फाइल बाहेर काढली. पहिल्या सर्व्हिसपासूनची एकेक पावती, तारखेप्रमाणे लावलेली. तेल मुदतीच्या आधीच बदललेलं. गिअरबॉक्सचं तेल बदललेलं, जे फार कमी लोक बदलतात. टायर कधी घातले, किती किलोमीटरवर घातले. झाकण उघडलं तर आत कोरडं, स्वच्छ, होसपाइपच्या एकाही सांध्यावर तेलाचा ओला डाग नाही. मी इंजिन सुरू करून कान लावला.

"जास्त मागतोय असं वाटेल तुम्हाला," काका म्हणाले.

त्याच वर्षाच्या साध्या ऑक्टेव्हियाला बाजारात जे मिळतं, त्याहून त्यांची किंमत कितीतरी लाखांनी वर होती. आरएस म्हणून वर होती, आणि इतर आरएसच्याही वर होती. पुन्हा एकदा वरचे पैसेच होते ते. बायकोने फाइल चाळली, शेवटच्या पानापर्यंत, आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मी भाव केला नाही. चाळीस पैशांसाठी दोन तास बसणारा माणूस मी, पण तिथे तोंड उघडलं नाही. त्या फाइलीत सात वर्षांची निगा होती. कुणीतरी एका यंत्राची काळजी घेतली होती, त्याला माहीतही नसताना ती माझ्यासाठी घेतली होती, आणि तिचे पैसे मागायचा त्यांना पूर्ण हक्क होता. पैसे बँकेतून गेले. बायकोने ते 'वाहन' या खात्यात लिहिले, सगळे.

गाडी नागापूरला आली. नंबर पुण्याचाच राहिला, राज्यातल्या राज्यात तो बदलत नाही. शेडमधल्या पोरांना मी एका शनिवारी झाकण उघडून टर्बो दाखवला, कुठून धूर येतो, कुठून हवा जाते, दांडा कुठे असतो. आमच्यातला सगळ्यांत लहान, या वर्षीच आयटीआय करून आलेला पोरगा, बराच वेळ खाली वाकून बघत होता. त्याने विचारलं, या दांड्याचं टॉलरन्स किती असेल.

नव्या आरएसपेक्षा हिची ताकद 35 अश्वशक्तींनी कमी आहे. डॉक्टरांना दिलेल्या जादा पैशांचं मला वाईट वाटत नाही, आणि न दिलेल्या सहा लाखांचंही नाही. आपल्यापैकी कुणी अशाच फोनवर अडला असेल, तर त्याला एवढंच सांगेन: हो म्हणण्याआधी घरात जो हिशेब लिहितो त्याला विचारा, हे पैसे कुठल्या खात्यात लिहायचे.